सुखदेवभाऊंचं सरकलेलं कमळ

तिकिटाचे पैसे हातात पडले की सुखदेवभाऊ आधी नाण्याकडे बघत, मग माणसाकडे. सत्तरच्या दशकात मी करडीच्या शाळेत नवा मास्तर होतो आणि ते आमच्या बसचे कंडक्टर. मी दिलेलं वीस पैशांचं पितळी नाणं पहिल्याच दिवशी त्यांनी खिडकीच्या उजेडात इतका वेळ फिरवलं, की मला वाटलं, हा माणूस मला खाली उतरवतो आता. त्यांनी स्वतःच्या खिशातले वीस पैसे थैलीत टाकले, माझं नाणं रुमालात बांधलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमाले मालूम नाइ, तुमी काय देऊन राहिले!"

त्या नाण्यावरचं कमळ कडेला सरकलं होतं. अर्ध्या पाकळ्या बाहेरच राहिल्या होत्या आणि एका बाजूला कोऱ्या पितळेची चंद्रकोर उरली होती.

पुढे मी त्यांचा शेजारी झालो आणि शिष्यही. "एकाच अंगाले बिघडलं असन तं कोणीतरी ठोकलं समजा," ते सांगत. "टाकसाळीतच ठसा सरकला असन तं दोन्ही अंगाले सरकते. अन् नाणं घासाचं नाइ, बाप्पा! त्याचा काळपटपना हेच त्याचं सर्टिफिकेट." लोक त्यांना चेपलेली, भोकं पडलेली नाणी आणून देत आणि मागून हसत. मीही हसलोय, खोटं कशाला सांगू?

एकदा नागपूरच्या एका संग्राहकाचं पत्र आलं. कमळाच्या नाण्याची त्याने लिहिलेली किंमत ऐकून सुमित्रावहिनींनी पदराने डोळे पुसले. त्यांना शिलाई मशीन हवी होती, दुसऱ्यांचे कपडे शिवून चार पैसे मिळवायचे होते. भाऊ म्हणाले, "या नाण्यातून पयले तुही मशीन."

रविवारी पाहुणा आला. त्याच्यासाठी वहिनींनी घरातली पितळी भांडी चिंच आणि राख लावून लख्ख केली होती. भाऊंनी मोठ्या तोऱ्यात डबी उघडली आणि त्यांचा चेहराच उतरला. नाणं नव्या नथीसारखं चमकत होतं.

"मीच घासलं," वहिनी दारातून कौतुकाने म्हणाल्या. "पाव्हन्यासमोर तसं कारंकुट्ट काहून ठेवाचं?"

संग्राहकाने चष्मा काढला. तो तोंड उघडणार, तोच भाऊंनी डबी मिटली. "माफ करा सायेब. आपल्याले विकाचं नाइ. जीव होत नाइ."

त्या दिवशी वहिनींनी त्यांना काय काय ऐकवलं! मशीन तीन वर्षांनी आली, भाऊंच्या जादा ड्यूटीच्या पैशांतून. तोवर, आणि नंतरही, "तुमाले नाण्यापुढे बायको दिसत नाइ" हे ते मान खाली घालून ऐकत राहिले. मी एकदा चिडून म्हणालो, "खरं सांगून टाका ना!"

"कायले, मास्तर? हौसेनं घासलं तिनं. सांगितलं तं जलमभर सोताले कोसत राहीन. मले बोलते, तं बोलू द्या. मले सवय हाये."

भाऊ गेले त्या वर्षी दिवाळीच्या आधी मी वहिनींना भेटायला गेलो. भांडी घासून उन्हात मांडली होती. त्यांनी डबी आणून माझ्यापुढे उघडली.

"दरसाल घासतो मी हे. यायनं विकलं नाइ म्हनून किती भांडली मी, मास्तर. आता वाटते, बरं झालं. पहा, कसं चमकते!"

मी नाणं उजेडात धरलं. घासून घासून कमळ पुसट झालं होतं.

"हो वहिनी," मी म्हणालो. "भाऊ उगाच नव्हते विकत."