गाजर, गोधडी आणि माझे दोन गुडघे

गुडघ्यांवर पैसे खर्च करायचे असतात, हे आमच्या घराण्यात कुणालाच माहीत नव्हतं. वडिलांनी मांडी घालून आयुष्य काढलं, आजोबांनी उकिडवं बसून. गुडघे फुकट मिळालेत, ते फुकटच चालवायचे, असा आमचा शिरस्ता. त्यामुळे आम्ही राहतो त्या डच गावातल्या, उइटहॉर्नच्या दुकानात गुडघ्यांच्या पॅडची किंमत वाचल्यावर मला वाटलं, यात पँटही येत असेल. येत नव्हती.

पॅड कशाला, तर मला मेटल डिटेक्टिंगचा छंद आहे. एक दांडी, तिच्या टोकाला ताटली, ती गवतावरून फिरवायची, वाजली की गुडघे टेकून खणायचं. खड्ड्यात नेमकी जागा हुडकायला हातात धरायचा एक छोटा डिटेक्टर असतो. तो नारिंगी आणि गाजराएवढा असल्यामुळे आमच्या घरी त्याला गाजरच म्हणतात. या छंदातून मी आजवर जे धन जमवलं, त्यात बिअरच्या बाटल्यांची झाकणं सर्वांत जास्त. माझी बायको मेघना ती बरणी पाहुण्यांना आवर्जून दाखवते.

अशा माणसाला एकदा तरी संधी मिळते. मला ती सासूबाईंच्या कानातून मिळाली.

सासूबाई उन्हाळ्यात साताऱ्याहून आल्या होत्या. ज्या शेतकऱ्याकडून आम्ही कच्चं दूध आणतो त्या यानच्या कुरणात एका रविवारी आम्ही डबे घेऊन गेलो. गोधडी अंथरली, भरली वांगी झाली, दहीभात झाला, सासूबाई गोधडीवर जरा कलंडल्या. घरी येऊन बघतो तर त्यांच्या डाव्या कानातली, सोन्यात बसवलेल्या मोत्यांची कुडी नाही. सासरे गेल्यावर सासूबाईंनी सगळे दागिने लेकीसुनांत वाटून टाकले होते. या कुड्या तेवढ्या ठेवल्या, कारण त्या सासऱ्यांनी पहिल्या पगारातून केलेल्या. आम्ही गाडी चाळली, डबे चाळले, तिघांनी गोधडी धरून झटकली. गवताशिवाय काही पडलं नाही.

"जाऊ द्या प्रसादराव," सासूबाई म्हणाल्या. "गवतातच गेली असेल. एक आहे की."

आणि त्या दिवसापासून त्या एकच कुडी घालून वावरायला लागल्या. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पुढच्या रविवारी त्यांचं विमान होतं, आणि एक कान रिकामा ठेवून त्यांना साताऱ्याला पाठवायचं, ही कल्पनाच मला सहन होईना.

"मी शोधून देतो," मी म्हणालो.

"झाकण आणू नकोस म्हणजे झालं," मेघना म्हणाली.

पहिल्या संध्याकाळी मी नुसत्याच गुडघ्यांवर खणलं. इथली माती बारा महिने ओली, आणि वर गारगोट्या. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मी कठड्याला लटकून उतरलो. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, पॅरासिटामॉल घ्या म्हणून सांगितलं. (इथे हात तुटला तरी पॅरासिटामॉलपासूनच सुरुवात होते.) म्हणून पॅड.

फरशी बसवणाऱ्यांचे प्लॅस्टिकच्या वाटीचे पॅड घालून पाहिले. त्यांचे पट्टे गुडघ्यामागे असे काचले की मी दुकानात लेफ्ट-राइट करत चाललो. बागकामाची फोमची चटई मऊ होती, स्वस्त होती, पण दर खड्ड्याला ती उचलून पुढे न्यायची. दुसऱ्याच खड्ड्याला मी ती मागे विसरलो आणि यानच्या गाईने तिच्यावर जे करायचं ते केलं. मग मुलीचे, ईराचे व्हॉलीबॉलचे पॅड चढवले.

"बाबा, नो. दॅट्स सो ग्रोस," ईरा दारातूनच म्हणाली.

पाच मिनिटांत पोटऱ्या वांग्याच्या रंगाच्या झाल्या. काढायला मेघनाला खोबरेल तेल लावावं लागलं.

शेवटी शनिवारी सकाळी शेडमध्ये माझी नजर त्या गोधडीवर गेली. जुन्या लुगड्यांची, सात थरांची, मऊ. शिवाय तिचा एक कोपरा उसवलेलाच होता. मी म्हटलं, फाटका भाग कापला तर नुकसान काय? तरी शहाणपणा म्हणून कुणाला विचारलं नाही. तिथले दोन चौकोन कापले, कडा गमटेपने बंद केल्या, इलॅस्टिक लावलं आणि पँटच्या आतून बांधले. काय सांगू, देवघरात बसल्यासारखं वाटलं. एक छदाम खर्च नाही. मी स्वतःवर इतका खूश झालो की शीळ घालत कुरणात गेलो.

आणि त्या दिवशी मशीन बोललं. दांडी वाजली, मी गुडघे टेकले, खणलं, झाकण निघालं. सवयीने गाजर फिरवलं, तर ते अजून गुरगुरतंय! आणखी खणलं. काही नाही. गाजर गुरगुरतंच आहे. चांगला हातभर खणलं, पाणी लागलं, कुडी नाही. उठून दुसरीकडे गेलो, दांडी वाजली, गुडघे टेकले, पुन्हा तेच. सोनं जवळच आहे, हे मला आतून कळत होतं. दुपारपर्यंत त्या हिरव्यागार कुरणाची मी पार चाळण केली. गाई एका कोपऱ्यात गोळा होऊन माझ्याकडे बघत होत्या.

यान खिशात हात घालून आला.

"बटाटे लावतोयस?"

"सासूबाईंचं कानातलं शोधतोय. सोन्याचं."

"आणि ते प्रत्येक खड्ड्यात आहे?"

"मशीन तसं म्हणतंय."

"मशीन विकत घेताना डोकं चालवलं होतंस का? खड्डे बुजवून जा." इथली माणसं मनात काही ठेवत नाहीत.

बुजवले. संध्याकाळी चिखलाचा पुतळा होऊन घरी आलो. सासूबाई बॅग भरत होत्या. त्यांच्याकडे बघवेना.

"मशीन बिघडलंय," मी मेघनाला म्हणालो. "बघ, कुठेही वाजतं."

गाजर टेबलावर टेकवलं. गप्प. खुर्चीवर टेकवलं, गप्प. आता मलाच राग आला आणि मी ते माझ्या उजव्या गुडघ्यावर आपटलं. ते गुरगुरलं.

"पँटच्या आत काय आहे?" मेघनाने विचारलं.

"काही नाही. गरम कपडे."

"मे महिन्यात? वर कर."

मी पँट वर केली. सासूबाई चष्मा सावरत पुढे आल्या, वाकल्या, गमटेपखालच्या कापडाला हात लावला.

"हे माझं जांभळं इरकल," त्या म्हणाल्या. "प्रसादराव, ही गोधडी मी ईराच्या बारशाला शिवली होती."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. खड्डेही मी नुकतेच बुजवून आलो होतो.

मग त्यांनी कात्री आणली, एकेक टाका उसवला, थरांच्या आत बोट घातलं आणि कुडी बाहेर काढली. त्या रविवारी कुरणात कलंडल्या होत्या तो हाच उसवलेला कोपरा. त्यांनी कुडी कपाळाला लावली आणि तिलाच म्हणाल्या, "आलात?"

मला आणि मेघनाला एकदमच रडू आलं. मेघना आधी सावरली.

"लोकांची नुसती अक्कल गुडघ्यात असते," ती म्हणाली. "याने सोनंही तिथेच ठेवलं."

मी शोधून दिली, हे मात्र कुणी नाकारू शकत नाही. सासूबाई रविवारी दोन्ही कानांत कुड्या घालून विमानात बसल्या. जाण्यापूर्वी रात्री बसून त्यांनी गोधडी दुरुस्तही केली. मी कापलेल्या दोन चौकोनांच्या जागी दणकट निळी ठिगळं लावली. इतकं जाड कापड त्यांना कुठे मिळालं, हे मला सोमवारी कळलं, कुरणात जायला मी खणायची जीन्स चढवली तेव्हा. दोन्ही गुडघ्यांवर दोन चौकोनी खिडक्या होत्या, अगदी मापात कापलेल्या.

आता मला गुडघ्यांसाठी काहीतरी मऊ आणि स्वस्त हवंय.