जोगिंदर सरांची पलटण

स्टाफरूममध्ये पणजोबांच्या पलटणीचा विषय निघाला की जोगिंदर सर खुर्चीतून उठून उभे राहत. हातातला चहा निवून जाई. "पलटणीचं बसून सांगत नसतात गा," म्हणत. सर शीख, पण जन्म नागपूरचा; त्यांची अस्सल नागपुरी ऐकून नवे विद्यार्थी चकित होत. इंग्रजांच्या काळातल्या शीख पलटणीचा इतिहास हा त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास. पणजोबा त्याच पलटणीत शिपाई होते. लढाईसाठी सातासमुद्रापार गेले ते परतलेच नाहीत.

एकदा सर रंगात येऊन सांगत होते, "इंग्रज साहेब म्हणे, लढणं यायच्या रक्तातच आहे."

मी त्यांच्याच विभागात शिकवणारा, त्यांच्याहून बराच लहान. मी म्हणालो, "आमच्या रक्तात मात्र नाही, असं तेच साहेब म्हणाले. माझे पणजोबा कामठीच्या छावणीत भरतीला गेले होते. त्यांचे वडील फौजेतलेच. पण महारांची भरती बंद झाली, असं सांगून त्यांना दारातूनच परत पाठवलं."

सर खाली बसले. म्हणाले, "हे तू मले आजवर काहून नाही सांगितलं?"

"कधी विषयच निघाला नाही, सर."

पुढं गुरुद्वाऱ्याच्या सभागृहात त्यांचं व्याख्यान झालं. पहिल्या रांगेत त्यांचे म्हातारे काका होते. सरांनी पलटणीच्या लढाया जीव ओतून सांगितल्या. मग थांबून म्हणाले, ज्या साहेबानं माझ्या पणजोबांना सिंह म्हटलं, त्यानंच माझ्या या मित्राच्या पणजोबांना दारातून हाकललं. माझे पणजोबा शूर होतेच. पण ते सांगायला साहेब कशाला हवा?

काका उठून निघून गेले. मला अपराधी वाटलं. सर म्हणाले, "इतिहास आहे गा, लग्नाचं जेवण नाही. सगळ्यायले गोडच लागन काय?"

पण काकांनी पुन्हा सरांच्या घरी पाऊल टाकलं नाही, आणि सरांना ते फार लागलं. सणावारी ते फाटकाकडे बघत बसत.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. गुरुद्वाऱ्यात शेवटची प्रार्थना, अरदास झाली, माणसं पांगली, मी भिंतीशी बसून होतो. काका काठी टेकत आले आणि शेजारी बसले. हळूच म्हणाले, "ज्यायले परत पाठवलं होतं, त्यायचं नाव काय होतं गा?"

"राघोनाक," मी म्हणालो. आमच्या घराबाहेरचं कुणी ते नाव पहिल्यांदाच विचारत होतं.

काकांनी ते एकदा नीट उच्चारलं आणि हात जोडले.