मंगळवारचं मत

मंडळी, आज इथे आखातात, करामा भागातल्या हॉलमध्ये आपल्या मराठी मंडळाची निवडणूक झाली. मतमोजणी माझ्याकडे होती. पॅनेल दोनच. एकाला सगळे कार्यक्रम शनिवारी हवेत, दुसऱ्याला रविवारी.

एका चिठ्ठीवर कुठेच खूण नव्हती. खाली पेनाने लिहिलं होतं, ‘मंगळवार’.

मी ते मोठ्याने वाचलं आणि हॉल हसला. “हबीबी, मंगळवारी कोण येणार?” मागून कुणीतरी ओरडलं. मीही हसलो आणि चिठ्ठीवर ‘बाद’ लिहिलं.

चहाच्या वेळी वसईच्या फिलोमिनाताई जवळ आल्या. त्या हॉटेलात हाउसकीपिंगला आहेत.

“ती चिठ्ठी माझी, भाऊ. माझी सुट्टी मंगळवारी असते. नऊ वर्षं मेंबर आहे, एक कार्यक्रम बघितला नाही. आजसुद्धा ड्यूटी बदलून आले, फक्त मत द्यायला.”

“मग पॅनेलवाल्यांना सांगायचं ना!”

“दोघांनाही सांगितलं. दोघंही म्हणाले, आधी निवडून तर द्या.”

खूण नसलेली चिठ्ठी बाद, हा नियम मीच लिहिलेला.

शनिवारवाले जिंकले. निकालाच्या कागदावर माझ्या अक्षरात ‘बाद मत : एक’ असं आहे. त्या हॉलमध्ये आपल्याला काय हवं ते नेमकं लिहिणाऱ्या बहुधा त्या एकट्याच होत्या.

तुम्ही माझ्या जागी असता, तर त्या चिठ्ठीवर काय लिहिलं असतं?