आत्याने जावा नाकारली

गेल्या वर्षी भाऊबीजेच्या दुपारी आत्याने जावा नाकारली. कारण तिने दिले ते असे : "मोठं खटलं हाय. एक वाक्य बोलायचं तर आधी चार जणांची नावं घ्यायची. आपल्या पोरीला झेपायचं नाय."

आत्या रोह्याजवळच्या अष्टमी गावात राहते. तिने जमवलेली लग्ने रोह्यापासून पेणपर्यंत आहेत. चौकशी केल्याशिवाय ती भाजीवालाही बदलत नाही. माझी बहीण मानसी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रोग्रामिंगची एकच भाषा नीट शिकण्याइतका वेळ तिच्या हातात होता. परीक्षेपर्यंत नोकरी ठरली नाही तर मे महिन्यात लग्न, असे वडिलांनी सांगून टाकले होते. पेणचे एक स्थळ आत्याकडे तयारच होते. "स्थळं बघतेस तशी हिची भाषाही बघ," असे वडील तिला गमतीने म्हणाले. आत्याला गंमत कळत नाही.

मानसी लॅपटॉपवर एकेक भाषा दाखवी, आत्या मत देई. सीबद्दल ती म्हणाली, "वयस्कर हाय, मान हाय. पण घुमा. काय चुकलं ते सांगत नाय, नुसता बंद पडतो." जावास्क्रिप्टचे जावाशी नाते काय, असे तिने विचारले. काही नाही, असे मानसीने सांगितले.

"मग त्याचं नाव कशाला लावतो?"

पायथनमध्ये तिला खोट सापडेना, त्यामुळे संशय वाढला. "सगळ्यांना आवडतो म्हंजे कायतरी लपवलेलं असणार गो."

"आत्या, सोपा आहे, एवढंच."

"लग्नाआधी सगळेच सोपे असतात."

शेवटी ती एसटीने पेणला गेली. स्थळाचा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये होता. एका खेपेत दोन्ही चौकशा होणार होत्या. चहा येण्याआधीच तिने विचारले, "नोकरीला लागलास तेव्हा कोणती भाषा होती?" मुलाने सांगितले. "ती कुठाय आता?" ती सोडली, मुलगा म्हणाला. नंतरचीही सोडली, आता तिसरी. एक नीट आली की पुढची लवकर येते.

संध्याकाळी आत्या आमच्या दारात चपला न काढताच उभी राहिली.

"भाषा सोडता येते?"

"येते की," मानसी म्हणाली.

"आणि दुसरी घेतली तर कोण काय बोलत नाय?"

"नाही."

"मग माझी अख्खी दिवाळी कशाला घालवलीस गो? सोडता येते त्याची कोण चौकशी करतं? घे आवडेल ती, नि उद्यापासून बस." मग ती वडिलांकडे वळली. "आणि तुझं ते मे महिन्याचं. ते सोडता येत नाय. त्याची चौकशी व्हायची हाय अजून."

मानसीने पायथन निवडली. मार्चमधल्या पहिल्या मुलाखतीत तिची निवड झाली नाही. वडिलांनी लग्नाच्या तारखेचे विचारले, तेव्हा मुलाच्या काकांची चौकशी बाकी असल्याचे आत्याने कळवले. एप्रिलमध्ये मामांची बाकी होती. मे महिन्यात मामांचे शेजारी गावाला गेले होते.

जूनमध्ये मानसीला ठाण्याच्या एका कंपनीचे नेमणूकपत्र आले. त्याच आठवड्यात आत्याने पेणला फोन करून नकार कळवला.