अर्ध्या तासाचा तक्ता

तो तक्ता माझ्याच डोक्यातून निघाला, हे आधीच कबूल करते. साहेबांनी मागितला नव्हता. हुशारी मलाच सुचली.

रामदासपेठेतल्या एका ऑफिसात आम्ही पाच जण दवाखान्यांच्या विम्याच्या फायली तयार करतो. काम संपलं की सुटी, हा साहेबांचा नियम. ते संपायला रोज साडेसहा व्हायचे. इकडे महाल भागातल्या आमच्या घरी बाबा बूट घालून दाराशी बसलेले. लकव्यानंतर त्यांना रोज चालवा, असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि माझा हात धरल्याशिवाय ते पाऊल उचलत नाहीत. अंधार पडला की गल्लीतल्या गाड्यांना घाबरतात. मला पाचला सुटायलाच हवं होतं.

म्हणून मी प्रत्येकाला तक्ता दिला. दर अर्ध्या तासाला काय केलं ते लिहायचं. चार दिवसांत चोर सापडला. अकराला सगळे मिळून तर्री-पोहे खायला जात ते पाऊण तासाने उगवत, दुपारी चहाला तसंच. मी दोन्ही टेबलावरच मागवायला सुरुवात केली. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली, पण फायली पाचला संपल्या. आठवडाभर बाबा उजेडात चालले. एकदा तर पार कोपऱ्यापर्यंत गेले. काय ऐटीत होते मी!

सोमवारी साहेबांनी तक्ते पाहिले. "दीड तास रिकामा निघतो की!" म्हणून खूश झाले आणि आणखी एका दवाखान्याच्या फायली आमच्याकडे आल्या. आता सात वाजतात.

ऑफिसातल्या सगळ्यांत जुन्या काकू फाइल आपटत म्हणाल्या, "आम्ही काय पोह्यासाठी जात होतो काय वं? काम दिवसभर पुरलं पाह्यजे म्हणून जात होतो. आता तूच सांग साहेबाले, होत नाही म्हणून."

कोणत्या तोंडाने सांगू? काम पाचला होतं, हे तक्त्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. स्वतःचा असा राग मला कधी आला नव्हता.

काल घरी पोचले तेव्हा गल्लीत अंधार होता. बाबा बूट घालून तसेच बसलेले.

"काम जरा भराभर उरकत जाय वं," ते मला समजावत म्हणाले. "सगळ्याइले सांग, टाइमपास नका करू."

मी खाली बसले आणि त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या.