बंदुकीच्या तोंडातलं झेंडूचं फूल

आमच्या घरात जपून ठेवलेले लिहिलेले कागद म्हणजे रेशनकार्ड, माझी गुणपत्रकं आणि वडिलांचा बंदुकीचा परवाना. असल्या घरातल्या माणसानं आठवणी लिहायला बसणं मला स्वतःलाच थोडं आगाऊपणाचं वाटतं. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. ही एकच गोष्ट मला नीट माहीत आहे, म्हणून लिहितो.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही खानदेशातून येऊन सुरतेत डिंडोलीला राहायचो. वडील, म्हणजे नाना, बमरोलीच्या एका कापड मिलच्या गेटवर बंदूकवाले वॉचमन होते. बंदूक आजोबांची, एकनळी. घरात सगळे तिला ठासणीची म्हणत, पण ती ठासणीची नव्हती. दस्त्याजवळची कळ दाबली की मधून मोडायची आणि मागून एक काडतूस आत जायचं. बारा वर्षं नाना दर दसऱ्याला मिलच्या आवारात एक बार काढायचे. परवान्यात तशी मुभा नव्हती, हे मला फार नंतर कळलं.

आजोबांनी स्वतः काळी दारू भरलेली काडतुसं त्या वर्षी संपली. मिलच्या शेठनं नानांच्या परवान्यावर बाजारातली नवी आणवली.

मी तेव्हा सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होतो. घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला. कॉलेजात कवायत शिकवणारे एक निवृत्त हवालदार होते. त्यांना मी भीतभीतच बंदुकीबद्दल विचारलं. ते म्हणाले, "आधी मोडून बघ, आत काडतूस नाही ना. चापावर बोट नको, तोंड माणसाकडे नको. मग नळीवरची अक्षरं उतरवून आण."

मी उतरवून नेली. चौकटीत बाराचा आकडा होता आणि इंग्रजीत लिहिलं होतं की हिच्यात एकसंध गोळी घालू नये. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी होती. लहानपणी मला वाटायचं ती शोभेसाठी आहे. हवालदार म्हणाले, "लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेली नळी आहे ही. काळ्या दारूच्या काळातली. नवी, जास्त जोराची दारू चालते असा शिक्का कुठेच नाही. जाणकाराला दाखवल्याशिवाय उडवू नका."

मी घरी सांगितलं. नाना बंदूक पुसतच म्हणाले, "तू शिकेल शे, पन ही बंदूक मना बापनी चालाडेल शे."

 मला तरी खात्री कुठे होती?

दसऱ्याला मायनं नेहमीसारखी बंदुकीची पूजा केली. हळदकुंकू लावलं आणि नळीच्या तोंडात झेंडूचं फूल खोचलं. ते फूल सुकून गळेपर्यंत कुणी काढायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. बार काढायच्या वेळी तेवढं उपसायचं, नंतर परत खोचायचं.

मीही नानांबरोबर मिलमध्ये गेलो. तिथे मशीनची पूजा झाली, पेढे वाटले. शेठ म्हणाला, "काका, हवे एक भडाको करो!" नानांनी फूल उपसलं, काडतूस भरलं. देठ हातात आला, पण पाकळ्या पुऱ्या आल्या नव्हत्या.

"नाना, एकदा मोडून बघा ना," मी म्हणालो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. नानांनी बंदूक मोडली, काडतूस काढलं. मी उजेडाकडे धरून नळीत पाहिलं. तोंडाशी ओल्या पाकळ्यांचा बोळा अडकला होता, तो मी काडीनं बाहेर काढला.

"निकल गया फूल, अब तो चलाओ," कुणीतरी म्हणालं.

"ही नवी दारू या नळीला चालणार नाही," मी म्हणालो.

एक लूम कारागीर ओरडला, "काका, बंदूक है या बांसुरी?" सगळं आवार हसलं. नानांनी काडतूस खिशात टाकलं आणि ते फक्त "आज नही" म्हणाले.

शेठ हसत म्हणाला, "तो पछी लाकडी ज पकडो ने." दुसऱ्या दिवसापासून नाना खरंच काठी घेऊन उभे राहिले. जाता-येता कारागीर बासरी वाजवल्यासारखी बोटं हलवायचे. माझ्याशी नाना बोलेनासे झाले. परवाना दाखवून आम्ही बंदूक शहरातल्या एका बंदूक दुरुस्तीवाल्याकडे तपासायला ठेवली. त्यानं सांगितलं, वेळ लागेल.

दिवाळी गेली. मी रोज मनात तेच घोळवत होतो. दोन इंग्रजी ओळी वाचता आल्या म्हणून मी बापाला चारचौघांत खाली पाहायला लावलं का? बंदूक धड निघाली असती, तर मी त्यांना तोंड कसं दाखवणार होतो?

एका दुपारी मी कॉलेजातून आलो तेव्हा नाना ओट्यावर बसले होते. पानवाल्याच्या दुकानात त्यांच्यासाठी दुरुस्तीवाल्याचा फोन येऊन गेला होता. महिन्याभरानं ते माझ्याशी बोलले.

"नळी खाई गयी. तोंडपासून चार बोटं मझार. जठे फूल ऱ्हास तठेच."

वर्षानुवर्षं तिथे ओलं फूल राहून गंज चढला होता. पत्रा कागदासारखा उरला होता. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं होतं, नव्या काडतुसानं ती तिथेच फुटली असती आणि तुकडे जवळ उभ्या असलेल्यांत गेले असते. आता ती दुरुस्त होणार नव्हती. नाना शेठला सांगूनही आले होते, काठीच राहू द्या.

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी आत, चुलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तुनी मायले ते फूलनी गोट सांगू नको."