बुधवारचा पुठ्ठा

साळवेसाहेब आज सकाळी गेले. कुठेही काहीही बंद पडलं नाही.

हे वाक्य त्यांना आवडलं असतं.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मराठीत एम.ए. करून मी चिंचवडच्या एका कंपनीत कॉम्प्युटर ऑपरेटर झाले. कारण एवढंच, की टायपिंग येत होतं. साळवेसाहेब आमचे इनचार्ज. दुसरा ऑपरेटर शब्बीर.

सकाळी साहेब जय भीम म्हणायचे, शब्बीर सलाम, मी नमस्कार. मग एसीच्या गारठ्यात तिघंही स्वेटर घालून बसायचो.

कॉम्प्युटर एकच. कपाटाएवढा. रोज तो स्टोअरच्या चिठ्ठ्या छापायचा. कोणता पार्ट कोणत्या लाइनला, किती.

चिठ्ठी नाही तर पार्ट नाही. पार्ट नाही तर लाइन उभी.

कॉम्प्युटर बिघडला की काय करायचं, हे फक्त साहेबांना माहीत होतं. म्हणून कंपनीची जीप त्यांना घरून उचलून आणायची. जेवणावरून, लग्नाच्या पंगतीतून, कुठूनही.

मी नोकरीला लागायच्या आधी ही जीप एकदा आली, तेव्हा त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेले होते. साहेब गेले. दुपारी मशीन चालू झालं. परतले तेव्हा दाराबाहेर चपलाच चपला होत्या.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. चपलांपर्यंत. पुढे नाही.

मग अकाउंट्ससाठी वेगळा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. साहेबांनी हट्ट धरला, आमच्यासारखाच घ्या, त्याच मेकचा. आमचा बंद पडला तर आमचं काम त्याच्यावर चालेल.

तेव्हाची डिस्क पोळ्यांच्या डब्यापेक्षा मोठी, वर हँडल. रोज संध्याकाळी तिची कॉपी काढून आम्ही अकाउंट्सच्या इमारतीतल्या कपाटात ठेवू लागलो.

"झाला की स्टँडबाय," मी म्हटलं.

"कुठे झाला? अजून कोणी वापरून बघितलाय?"

तेव्हापासून दर बुधवारी दुपारी ते आमच्या चांगल्या चालत्या मशीनवर एक पुठ्ठा टांगायचे. त्यावर लिहिलेलं: बंद.

"बाई, हे पडलं. आता मी नाही असं समजा."

आणि कँटीनला निघून जायचे.

शब्बीर कुरकुरायचा. "काय राव, धडधाकट मशीनला आजारी पाडतात. नजर लागेल."

प्लँटचे मोठे साहेबही म्हणायचे, "साळवे, चालतंय ते चालू द्या ना."

"चालतंय तोवरच शिकता येतं, साहेब."

पहिल्या बुधवारी अकाउंट्सच्या मशीनवर काम चालवताना आम्ही अडलो आणि त्यांना विचारायला कँटीनमध्ये गेलो. ते चहा पीत होते. मान वर केली नाही.

"मी नाहीये."

"मग चहा कोण पितंय?" शब्बीर म्हणाला.

त्यांनी अर्धा चहा बशीत ओतून त्याच्याकडे सरकवला.

एक गोष्ट मात्र सारखी बजावायचे. बिघडलेल्या मशीनची डिस्क चांगल्या मशीनला लावायची नाही. ती आत खरवडली गेली असेल, तर दुसरं मशीनही खरवडेल.

"आजाऱ्याचा पेला दुसऱ्याला देता का? कालची कॉपी घ्यायची. आजचं पुन्हा टाइप करायचं."

पुढे साळवेवहिनींना बाळंतपणासाठी हॉस्पिटलात नेलं. साहेबांनी रजा टाकली. निघताना दारात नुसतेच थांबले.

"जीप येणार नाही ना?"

"तुम्ही नाहीच आहात साहेब," शब्बीर म्हणाला. "आणणार कोणाला?"

दुसऱ्याच दिवशी मशीनमधून आवाज आला. पत्र्यावर खिळा ओढावा तसा.

बुधवार नव्हता.

मोठे साहेब धावत आले. "साळवेंना जीप पाठवा."

"आम्ही करतो, साहेब," मी म्हटलं.

"मग ही डिस्क काढा आणि तिकडे लावा. सकाळपासूनच्या नोंदी हिच्यात आहेत."

"ही लावायची नाही."

"कोण म्हणतं?"

तोवर शब्बीरने पुठ्ठा शोधून मशीनवर टांगला होता. "हे गेलं साहेब. याच्यातलं काही घ्यायचं नाही आता."

बाहेर ड्रायव्हरने जीप सुरू करून ठेवली होती. तिची घरघर आत येत होती.

"आणि लाइन उभी राहिली तर?"

"जेवणाच्या सुट्टीआधी चिठ्ठ्या देते."

हे मी बुधवारांच्या जोरावर बोलले. दुसरा कसलाच जोर माझ्याकडे नव्हता.

मोठ्या साहेबांनी पुठ्ठा बघितला. मग खिडकीतून त्यांनी ड्रायव्हरला हात केला. घरघर थांबली.

आम्ही अकाउंट्सकडे पळालो. तिथल्या लोकांना खुर्च्यांवरून उठवलं. कपाटातली कॉपी लावली. शब्बीर सकाळच्या नोंदी कागदांवरून वाचत गेला, मी टाइप करत गेले.

त्या दिवशी लाइन थांबली ती जेवणाच्या भोंग्याला. नेहमीसारखी.

त्याच दुपारी अश्विनी जन्मली. वहिनी नंतर सांगायच्या, पोरगी हातात होती तरी यांचा एक कान रस्त्यावर.

साहेब कामावर परतले. पुठ्ठा बघितला.

"कधी पडलं?"

"तुमच्या मुलीच्या दिवशी."

"मग मला का नाही बोलावलं?"

"तुम्ही नव्हतात," मी म्हटलं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग पिशवीतून पेढ्यांचा बॉक्स काढला.

शब्बीरने दोन उचलले. "एक पोरीचा, एक मशीनचा."

आज सकाळी अश्विनीचाच फोन आला. "बाबांजवळ आम्ही सगळे होतो," म्हणाली.

बरं वाटलं ऐकून.

मी नाही असं समजा, असं ते दर बुधवारी म्हणायचे. आम्ही वर्षानुवर्षं सराव केला.

मशीनपुरता तो पुरला.

जय भीम, साहेब.